साने गुरुजी कसे वारले?

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. आमच्या गोडादऱ्याच्या मंडळीत शब्बाथ शाळेच्या एका शिक्षिकाबाईंनी मुलांना साने गुरुजींच्या लहानपणाची हकिकत सांगितली. आंघोळीनंतर पायांना घाण लागू नये म्हणून हट्ट धरणारा लहानगा श्याम, त्याच्यासाठी पदर पसरणारी आई, आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, ही तिने दिलेली शिकवण, हे सारे बाईंनी फार गोड रीतीने सांगितले. मुले तल्लीन होऊन ऐकत होती. गोष्ट संपल्यावर मागच्या रांगेतील एका मुलाने हात वर केला आणि साने गुरुजी कसे वारले, असे विचारले.

बाईंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही पुढे होऊन सांगितले की ते आजारी पडून वारले. लगेच गीत घ्यायला सांगून आम्ही वर्ग आटोपता घेतला. परंतु घरी आल्यावर मनाला चैन पडेना. खरी गोष्ट आम्हाला माहीत होती. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी मुंबईत आपल्या हाताने आपले जीवन संपवले. हे लेकरांपुढे कसे बोलावे ते न सुचल्यामुळे आम्ही आजाराचा आडोसा घेतला होता. त्यानंतर आम्ही गुरुजींचे चरित्र पुन्हा वाचले, वैद्यकशास्त्राने या विषयात काय शोधले आहे तेही पाहिले. त्यावरून जे ध्यानात आले ते शब्बाथ शाळेचे शिक्षक आणि मंडळीचे सभासद यांच्यापुढे ठेवीत आहोत.

गुरुजींचे संपूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी, म्हणजे आपल्या मंडळ्या नाताळच्या रात्रीची तयारी करीत असतात त्या दिवशी, रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. वडील सदाशिवराव खोत घराण्यातले. एके काळी घरची स्थिती बरी होती. पण पांडुरंगाच्या बालपणीच ती खालावत गेली, आणि पुढे राहत्या घरावर जप्ती येण्यापर्यंत वेळ आली. आई यशोदाबाई मानी स्वभावाच्या. त्या धक्क्यातून त्या सावरल्या नाहीत आणि १९१७ साली वारल्या. पांडुरंग तेव्हा शिक्षणासाठी दूर होता. आईची शेवटची भेट त्याला मिळाली नाही. आई गेली तेव्हा आपण जवळ नव्हतो, हे दुःख त्यांच्या उरात कायमचे राहिले.

त्यांचे शिक्षण हालअपेष्टांत झाले. काही काळ ते दापोलीच्या मिशन शाळेत होते. तेथे मराठी व संस्कृत या विषयांत हुशार विद्यार्थी म्हणून त्यांची ओळख झाली. घरून पैसा येईना तेव्हा गरीब मुलांची सोय होते असे ऐकून ते औंध संस्थानात गेले. तेथे प्लेगची साथ आली आणि शाळा सोडावी लागली. मग पुणे गाठले. कधी अर्धपोटी, कधी उपाशी राहून ते मॅट्रिक झाले, पुढे बी.ए. आणि एम.ए.ही झाले.

१९२४ साली ते खानदेशात अमळनेर येथे शिक्षक म्हणून आले, आणि येथून त्यांची आपल्या लोकांशी गाठ पडली. आपल्या असे म्हणण्याचे कारण, गोडादरा, लिंबायत, उधना या भागांत राहणारी आम्ही मराठी माणसे बहुतेक खानदेशातली. कोणी जळगावकडचे, कोणी धुळ्याचे, कोणी नंदुरबार-नवापूरचे. उधन्याहून जळगावकडे जाणारी गाडी अमळनेरवरूनच जाते. पोटासाठी आमचे वाडवडील त्याच गाडीने सुरतेला आले. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी साने गुरुजी हे नाव पुस्तकातून येण्याअगोदर आजोबांच्या तोंडून आलेले आहे.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात गुरुजींनी सहा वर्षे शिकवले. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. मुलांनी उठल्यावर अंथरुणे तशीच टाकली तर गुरुजी न बोलता ती घडी करून ठेवीत. खोल्या झाडीत, दिव्यांच्या काचा पुशीत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढीत. पहिल्याने मुले हसली असतील, पण हळूहळू लाजेने व प्रेमाने ती आपली कामे आपण करू लागली. मुलांसाठी गुरुजी छात्रालय नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत, आणि पुढे विद्यार्थी हे मासिकही त्यांनी चालवले. आईविना वाढलेल्या या तरुणाने दुसऱ्यांच्या मुलांची आई होण्याचे व्रत घेतले होते. त्यांनी लग्न केले नाही.

१९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली व चळवळीत उडी घेतली. तेथून १९४७ पर्यंत त्यांना अनेकदा अटक झाली. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक, येरवडा, जळगाव अशा तुरुंगांत मिळून साडेसहा वर्षांच्या आसपास काळ त्यांनी काढला. त्रिचनापल्लीस त्यांनी तामिळ शिकून घेतली आणि कुरळ या प्राचीन ग्रंथाचे मराठी केले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत, ती प्रवचने गुरुजींनी लिहून घेतली, म्हणूनच ती पुढच्या पिढ्यांना मिळाली. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी श्यामची आई लिहिली. मराठी घराघरांत गेलेले हे पुस्तक आईच्या वियोगानंतर पंधरा-सोळा वर्षांनी एका कैद्याच्या हातून उतरले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

बाहेर असत तेव्हा खानदेशातील शेतकरी, गिरणीकामगार आणि विद्यार्थी यांच्यात ते राबत. १९३६ साली फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले व पुढे पकडले गेले. स्वातंत्र्य दारात आले, तेव्हा त्यांच्या मनाला एक गोष्ट डाचत होती. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना बंद होते. काही महिने महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकांची मने वळवण्याचा यत्न केला, आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपवास आरंभला. दहा-अकरा दिवसांनी मंदिराचे दार सर्वांना उघडण्याचे ठरले, तेव्हा उपवास सुटला. ज्यांच्या वाडवडिलांना देवळाच्या पायरीशी अडवले गेले असे पुष्कळजण आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांना या उपवासाचे मोल वेगळे सांगायला नको.

येथवर सांगितले ते सर्वांना ठाऊक आहे. गुरुजींच्या स्वभावाची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही.

गुरुजींचे मन अतिशय हळवे होते. दुसऱ्याचे दुःख पाहून त्यांचे डोळे भरून येत. त्यांच्या लिखाणात अश्रू फार, अशी टीका त्यांच्या हयातीत व नंतरही झाली, थट्टाही झाली. अनेकदा ते उदास होत, एकटे एकटे राहत, आपल्या हातून काही झाले नाही, आपण कोणाच्या उपयोगी नाही असे त्यांना वाटे. ज्या माणसाने हजारो मुलांना माया दिली त्याला आपण निरुपयोगी आहोत असे वाटावे, हे बाहेरून पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. पण या दुखण्याची रीतच तशी आहे. त्यात माणूस आपल्याच जिवाला खोटा हिशेब मांडून दाखवतो, आणि तो हिशेब त्याला अगदी खरा दिसतो.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. खून करणारा महाराष्ट्रातला होता, याने गुरुजींचे मन विदीर्ण झाले. त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला. त्यानंतरही ते बसून राहिले नाहीत. १५ ऑगस्ट १९४८ रोजी साधना साप्ताहिक सुरू केले. भारतातील निरनिराळ्या भाषांच्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांना ओळखावे म्हणून आंतरभारतीची कल्पना १९४९ साली मांडली. सुधा या पुतणीस उद्देशून फुलांविषयी, पाखरांविषयी, देशाविषयी प्रेमळ पत्रे लिहिली. बाहेर असे काम चालू असता आत काळोख वाढत होता. स्वतंत्र देशात गरिबी, विषमता, जातीजातींतील द्वेष तसाच राहिलेला पाहून त्यांची निराशा होत होती. आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आपला देह ठेवला. महाराष्ट्र हळहळला. ज्यांना त्यांनी जगण्याचे बळ दिले होते त्या शेकडो तरुणांना पोरके झाल्यासारखे वाटले. असे मरण मागे राहिलेल्यांना फार जखमी करून जाते, आणि ती जखम लवकर भरत नाही.

त्यांच्या मृत्यूची कारणे लोकांनी आपापल्या परीने सांगितली. कोणी म्हणाले देशाच्या स्थितीला कंटाळून, कोणी म्हणाले गांधीजींच्या वियोगाने. कोणी त्याला त्यागाचेही नाव दिले. शिक्षक बंधुभगिनींनो, हे शेवटचे नाव आपण मुलांपुढे कधीही घेऊ नये. त्या दिवशी जे झाले ते एका दुखावलेल्या जिवाचे दुखणे होते. त्याला मोठेपणा देऊ नये, आणि त्यासाठी त्या जिवाला दोषही देऊ नये. एकाच कारणावर बोट ठेवणेही चुकीचे आहे. स्वभाव, घराण्याचा वारसा, लहानपणीचे घाव, उपास, जागरण, एकटेपणा, बाहेरचे दुःख, आणि या सर्वांबरोबर मेंदूतील घडामोडी, अशा कित्येक गोष्टी एकत्र येतात. पन्नास साली गेलेल्या माणसाला आज रोगाचे नाव चिकटवणे कोणत्याही डॉक्टरला शक्य नाही, आणि आम्हीही ते करीत नाही. परंतु अशा दीर्घ उदासीविषयी आज जे कळले आहे ते त्यांच्या काळी कळलेले नव्हते, एवढे निश्चित. ते काय, हे थोडक्यात सांगतो.

माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम. त्यात अंदाजे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. एका पेशीचे टोक दुसरीला चिकटलेले नसते, मध्ये अतिसूक्ष्म फट असते. निरोप एकीकडून दुसरीकडे न्यायचा तर पहिली पेशी त्या फटीत एक रासायनिक द्रव्य सोडते, पलीकडची पेशी ते ओळखते, आणि उरलेले द्रव्य परत शोषून घेतले जाते. सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन ही अशा द्रव्यांची काही नावे. झोप, भूक, उत्साह, भीती, आनंद यांच्याशी त्यांचा संबंध आहे.

या द्रव्यांचा आणि उदासीचा संबंध कसा ध्यानात आला, त्याचे एक टोक मुंबईतच आहे. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ. आपल्या वैद्यांना ठाऊक असलेली सर्पगंधा ही वनस्पती वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी आहे, हे त्यांनी रोग्यांवरील अनुभवाने १९४९ साली एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात मांडले. म्हणजे गुरुजींच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढले आणि ते जगभर वापरात आले. मग डॉक्टरांना दिसले की ते घेणारे काही रोगी अतिशय उदास होतात. शोध घेता कळले की हे औषध मेंदूतील सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन यांचा साठा रिकामा करते. त्याच सुमारास अमेरिकेत क्षयरोग्यांना दिलेल्या एका नव्या औषधाने उलटा प्रकार केला. अंथरुणाला खिळलेले रोगी हसू-बोलू लागले. ते औषध हीच द्रव्ये मेंदूत अधिक काळ टिकवून ठेवते असे आढळले. १९५७ साली स्वित्झर्लंडचे डॉ. रोलांड कून यांनी उदासीवर इमिप्रामीन हे औषध उपयोगी असल्याचे जाहीर केले. उदासीवरील औषधांचा काळ येथून सुरू झाला. गुरुजी जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

१९७६ साली स्वीडनच्या डॉ. मारी ओस्बेरी यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. उदासीच्या ज्या रोग्यांच्या मणक्यातील पाण्यात सेरोटोनिनचे अवशेष कमी आढळले, त्यांच्यात स्वतःच्या जिवावर उठण्याचे प्रमाण अधिक होते. तथापि, सेरोटोनिन कमी झाले की उदासी येते आणि गोळीने ते भरून काढले की जाते, इतका सरळ हा हिशेब नाही. सेरोटोनिनची कमतरता हेच कारण असल्याचा सुसंगत पुरावा मिळत नाही, असे १९२२ नव्हे, अगदी अलीकडे २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी जुनी सारी संशोधने तपासून दाखवले. मेंदूचे काम त्याहून गुंतागुंतीचे आहे. तरीही पुष्कळ रोग्यांना औषधांनी आराम पडतो, बोलून केलेल्या उपचारांनीही पडतो, आणि कित्येकांना दोन्ही मिळून अधिक उपयोग होतो, हा डॉक्टरांचा अनुभव आहे.

या औषधांविषयी घरच्यांना काही गोष्टी माहीत असाव्यात. गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी मन हलके होत नाही, गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यात धीर सोडू नये. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः तरुण रोग्याकडे, घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावे. बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने औषध एकदम बंद करू नये, डॉक्टर सांगतील तसे हळूहळू कमी करावे.

आता आमच्या एका चुकीविषयी लिहिणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरबैठकीला येणारा एक तरुण गप्प गप्प राहू लागला. लूमवर रात्रपाळी करून आला तरी त्याला झोप लागत नसे, जेवण जाईना, गीत गाताना ओठ हलेनात. त्याच्या बहिणीने काळजीने आम्हाला विचारले. आम्ही त्याला बोलावून सांगितले की विश्वास कमी पडतो आहे, प्रार्थना वाढव, उपास कर. त्याने मान हलवली व तो निघून गेला. पुढे एकदा तो म्हणाला की त्या दिवसापासून आपल्यावर देवही नाराज आहे असे त्याला वाटू लागले होते. आधीच्या ओझ्यावर आम्ही आणखी एक ओझे ठेवले होते. बहीण शहाणी निघाली. तिने आमचे न ऐकता त्याला रुग्णालयात नेले, औषध सुरू झाले, आणि दीड-दोन महिन्यांनी तो पुन्हा बैठकीत गाऊ लागला. आज तो संसार करतो आहे. ती बहीण थांबली असती तर काय झाले असते, या विचाराने आम्हाला आजही कापरे भरते.

आपल्या शास्त्रातील एलिया संदेष्ट्याची हकिकत शिक्षकांना पाठ आहे. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला हा माणूस दुसऱ्याच दिवसांत रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्याला अविश्वासी म्हणून झिडकारले नाही. आधी त्याला झोपू दिले. दूताने उठवून भाकर व पाणी दिले. तो पुन्हा निजला, तेव्हा पुन्हा उठवून खाऊ घातले. बोलणे, काम सांगणे, सोबती देणे हे सारे नंतर आले. शरीराची काळजी आधी घेतली गेली, हा क्रम आम्ही कित्येक वेळा शिकवला होता, पण त्या तरुणाच्या वेळी आम्हाला तो आठवला नाही.

आपण ज्यांची गीते भाषांतरातून गातो त्या विल्यम कूपर या इंग्रज कवीचे उदाहरणही असेच आहे. १७३१ साली जन्मलेल्या या भक्त माणसाला आयुष्यात पुनःपुन्हा खोल उदासीचे झटके आले, आणि त्याने अनेकदा जीव देण्याचा यत्न केला. १७६३ च्या झटक्यानंतर एका डॉक्टरांच्या घरी राहून तो सावरला. १७७३ साली पुन्हा तोल गेला, तेव्हा त्याचे मित्र व पाळक जॉन न्यूटन यांनी त्याला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. त्याची उदासी कायमची गेली नाही. पण माणसांनी त्याला एकटे सोडले नाही, आणि १८०० साली त्याला नैसर्गिक मरण आले. त्याची भक्ती खरी होती आणि त्याचे दुखणेही खरे होते.

जुन्या काळी ख्रिस्ती देशांतही असे मरण आलेल्याला मंडळीच्या दफनभूमीत जागा नाकारीत. आपल्या देशात तर १८६० च्या दंडसंहितेतील ३०९ व्या कलमाने जीव देण्याचा यत्न करणारा वाचला तर त्याला शिक्षेला पात्र ठरवले होते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरून त्याला शिक्षा न करता उपचार व आधार द्यावा, असे तो सांगतो. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली, आणि नव्या संहितेत ते जुने कलम राहिले नाही. सरकारचा कायदा दयाळू झाला आहे. आमच्या मंडळ्यांतील कुजबुज मात्र अजून तशीच आहे. कोणाच्या घरी असे घडले की आपण दुःखात जाण्याऐवजी कारणे शोधतो, आणि मागे राहिलेली आई किंवा पत्नी उपासनेत मागच्या बाकावर बसू लागते.

तेव्हा मंडळीने काय करावे? कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, झोप-भूक गेली असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, आपण कोणाला ओझे झालो आहोत असे बोलत असेल, तर त्याच्याजवळ बसावे. मरणाचे विचार मनात येतात का, हे प्रेमाने पण स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. येतात असे तो म्हणाला तर त्याला एकटे ठेवू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. सुरतेत नवीन सिव्हिल हॉस्पिटल व महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय येथे मानसिक आजारांचे विभाग आहेत, आणि स्मीमेर तर आपल्या भागापासून दूर नाही. शासनाची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक सूचनाफलकावर लावावा. प्रार्थना अवश्य करावी. पण ती रुग्णालयात सोबत जाताना करावी, जाण्याऐवजी करू नये.

गुरुजींच्या मागे त्यांचे काम राहिले. श्यामची आई या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. साधना अजूनही निघते. पंढरपूरचे दार उघडेच आहे. एका काळोख्या दिवसामुळे त्या पन्नास वर्षांच्या प्रेमाचे मोल कमी होत नाही. आणि ते प्रेम थोर होते म्हणून तो दिवस लपवण्याचेही कारण नाही.

त्या मुलाला आम्ही पुन्हा गाठले. शाळेच्या पायरीवर बसून त्याला सांगितले की मागच्या वेळी आमचे उत्तर अर्धवट होते. गुरुजींच्या मनाला फार दुखत होते. त्या दुखण्यात त्यांनी स्वतःचा जीव घेतला, आणि त्यामुळे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या सर्वांना फार रडावे लागले. त्या वेळी या दुखण्यावर औषध निघालेले नव्हते, आता आहे. तुला किंवा घरात कोणाला कधी असे दुखू लागले तर लपवू नको, आई-बापाला सांग, बाईंना सांग, आम्हाला सांग. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने हळूच सांगितले की आपला मोठा भाऊ हल्ली रात्रभर जागा असतो आणि कोणाशी बोलत नाही. त्याच संध्याकाळी आम्ही पाळकसाहेबांसह त्यांच्या घरी गेलो.